यानाचा आवाज

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

या नावाने हाक मारलेली तुला चालेल की नाही, माहीत नाही. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, पण आत दुसरं काही लिहायला हात धजला नाही. फोन करायचा नाही ही तुझी अट मी चोवीस वर्षं पाळली. पत्राचं तू काही म्हणाली नव्हतीस, म्हणून हे पत्र.

कामाचं आधी सांगतो. आपली ‘दूरस्थ’ मालिका परत दाखवणार आहेत. सव्वीसच्या सव्वीस भाग. फिती सगळ्या शाबूत आहेत, पण आवाज खराब झालाय. मूळ ध्वनिमुद्रक अजून जिवंत आहे असं कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी मला शोधून काढलं. त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा नोकरीला लागल्यासारखं झालंय. रोज दहा वाजता डबा घेऊन निघतो. आत्या म्हणते, तुला आता पेन्शन नको, लगाम हवा. तिचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. तुझी मुलगी सहा वर्षांची झाली हे तिच्याकडूनच कळलं.

परवा पहिले चार भाग पडद्यावर लावून पाहिले. कप्तानाचं काम केलेले गृहस्थ मुद्दाम आले होते. टोप नसल्यामुळे मी त्यांना ओळखलंच नाही. दुसऱ्या भागात उल्का यानावर आदळते, तेव्हा ते खुर्चीत घोरत होते. बाकी आम्ही सगळे हसत होतो. भिंतीवरचे चंदेरी फुगवटे म्हणजे अंड्यांचे ट्रे आहेत, हे आता लहान मूलही सांगेल. नियंत्रणकक्षाच्या फळीवर तीन बटणं कुकरच्या शिट्ट्यांची आहेत. यानाचं दार उघडतं तो आवाज मी सायकलच्या पंपाने काढला होता, तो मात्र अजून खरा वाटतो.

आणि मग यान बोललं. ‘प्राणवायू पुरेसा आहे.’

खोलीतलं हसू थांबलं. संग्रह विभागाच्या प्रमुख बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, “काय आवाज आहे हो. इतक्या वर्षांनी अंगावर काटा येतो.” मी म्हटलं, माझी बायको.

आता मुद्दा. लोकांना मालिका आवडली, तर नवे भाग काढायचे आहेत. यान तेच, आवाजही तोच. आता असं यंत्र आहे म्हणे, की जुना आवाज त्यात घातला की तो हवं ते बोलतो. त्यासाठी वारसांची संमती लागते, म्हणजे माझी आणि तुझी. कागद सोबत जोडलाय. दोन ठिकाणी फुली मारली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. तुझ्या आईचं काम चार लोकांपुढे पुन्हा येईल, एवढाच माझा हेतू आहे.

बाकी सगळं ठीक.

तुझे,
बाबा


२९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

कागद परत मिळाला. सही नाही. मागच्या बाजूला तीन शब्द. ‘पेटी कुठे आहे?’

तू काहीतरी लिहिलंस, याचाच मला आनंद झाला. मग दिवसभर तो कागद उलटासुलटा करत बसलो.

फितींची ती पेटी सापडली आहे. मी सांगणारच होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी सांगणार नव्हतो. तू सतराव्या वर्षी ती माझ्या कपाटातून काढून टेबलावर ठेवलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती स्टुडिओत नेली, ‘यान – किरकोळ’ अशी चिठ्ठी लावली आणि मालिकेच्या फितींमागे सरकवून दिली. घरात नको आणि फेकवतही नाही, अशी वस्तू माणूस दुसरीकडे कुठे ठेवणार?

गेल्या सोमवारी संग्रहाच्या बाईंनीच ती काढली. जुन्या फितींचा लेप चिकट होतो, म्हणून वाजवण्याआधी त्या मंद आचेवर आठ तास शेकाव्या लागतात. त्यांनी किरकोळही शेकून ठेवलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. मी हातपाय धुऊन आत गेलो, तेव्हा बाई मशीनसमोर उभ्या होत्या, आणि कर्ण्यातून तुझी आई विचारत होती, “जेवलीस का?”

मग शांतता. मोजून चार सेकंद.

“हं.”

पुन्हा शांतता.

“आणि मग?”

बाई माझ्याकडे वळल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “हे कुठल्या भागात बसत नाही. हिच्यासमोर कोण आहे?”

मी म्हटलं, “कुणी नाही.”

“मग थांबते कशाला? मी मघाशी चक्क ‘जेवले’ म्हणाले हो. तोंडातून निघूनच गेलं.” त्या हसायला गेल्या, पण ते त्यांना जमलं नाही.

भिंगरी, त्या जागा मी तुझ्यासाठी सोडल्या होत्या. तू सतराव्या वर्षी विचारलंस, ‘हे मला यायचे ते फोन आहेत का?’ आणि मी म्हणालो, ‘छे, मालिकेचं काम आहे ते.’ मालिकेचं नव्हतं. ते फोन मी करत होतो. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, स्टुडिओतून. एका हाताने टेप चालवायची, दुसऱ्या हातात रिसीव्हर धरून तो कर्ण्याला लावायचा. नऊ फोन. तू किती लांबीचं उत्तर देशील याचा अंदाज घेऊन मी मध्ये कोरी फीत जोडायचो. तू भराभर बोलायचीस, म्हणून चार सेकंद. शाळेचं काही विचारलं तर सात.

एकदा तू अकरा सेकंद बोललीस, आणि आई तुझं वाक्य तोडून ‘शहाणी माझी’ म्हणाली. तू गप्प झालीस. मी इकडे रिसीव्हर धरून उभा, घामाघूम. पुढच्या गुरुवारी मी जागा वाढवल्या.

संग्रहाच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, “मुलीला माहीत आहे?”

मी म्हटलं, आता होईल.

बाबा


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. पण सुरुवात केली आहे तर पुढचं सांगून टाकतो.

आई सोळावा भाग दाखवला त्याच्या दोन दिवस आधी गेली. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, शुक्रवारी, सकाळी. मी परत आलो तेव्हा तू दारात उभी होतीस. ‘आई?’ एवढंच विचारलंस. माझ्या तोंडून निघालं, ‘अजून थोडे दिवस.’ ते थोडे दिवस कसे वाढत गेले, ते तुला माहीत आहे.

आत्या चिडली होती. म्हणाली, “दादा, पोरीला सांग. आज नाही सांगितलंस, तर उद्या दुप्पट जड जाईल.” मी म्हटलं, मालिका संपू दे. सगळ्या भागांचा आवाज आधीच भरून ठेवला होता ना. दर रविवारी तुझी आई घरात बोलत होती. तू पडद्याला नाक लावून बसायचीस आणि यान बोललं की मागे वळून आमच्याकडे बघायचीस. अशा मुलीला शुक्रवारी सांगायचं की आई गेली, आणि रविवारी तिचाच आवाज ऐकवायचा? मला ते जमलं नाही. जमलं नाही हे खरं, पण पुढे जे मी केलं ते ‘जमलं नाही’ या सदरात बसत नाही, तेही मला कळतं.

हल्ली संध्याकाळी तिच्या रहस्यकथा काढून वाचतो. माळ्यावर दोन खोकी भरून आहेत. एकही धड वाचता येत नाही, कारण पहिल्याच पानावर पेन्सिलने तिने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. मी लग्नानंतर चिडून विचारलं होतं, ही काय पद्धत? ती म्हणाली, “ज्याला धीर नाही त्याची सोय. आणि कोणी केलं ते कळल्यावरच खरं वाचन सुरू होतं.” वाचनालयाची पुस्तकंसुद्धा सोडली नाहीत तिने. दोनदा तिथून बोलणी खाऊन आली होती.

आता त्या शनिवारचं. तुला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग होता. मी दुपारभर स्टुडिओत होतो, दिग्दर्शक समोर, बाकी चार माणसं सोबत. घरी आलो तर तू फरशीवर बसून वहीला कव्हर घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “आईचा फोन आला होता.”

मी म्हटलं, “कधी?”

“दुपारी. आत्या दळण आणायला गेली तेव्हा.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, शेवटचं पान आधी वाचलं तरी चालतं. मजा जात नाही.”

मी तुला रागावलो. खोटं बोलू नकोस म्हणालो. तुझा दंड धरून हलवलंही. उभ्या आयुष्यात तेवढं एकदाच. तू रडली नाहीस. कव्हर घालत राहिलीस.

त्यानंतर मी फोन केला नाही. रविवारी शेवटचा भाग झाला. त्यात यानातली वीज वाचवण्यासाठी कप्तान आवाज बंद करतो, आणि ती म्हणते, “आता मी बोलणार नाही. दिवे चालू राहतील.” शेवटच्या नावांच्या पाट्या सरकून गेल्या आणि मी तुला सांगितलं, की आई गेली, कधीच गेली. तू म्हणालीस, “माहीत आहे,” आणि गणितं सोडवायला उठून गेलीस. मला वाटलं तू मालिकेबद्दल म्हणतेस.

हेच सगळं आहे. आता तुझ्यापासून काही लपवलेलं नाही.

बाबा


२० फेब्रुवारी

बाबा,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. तिसरं मी कामावर डब्याच्या सुट्टीत वाचलं.

मला दुसऱ्या फोनला कळलं होतं. मी विचारलं होतं, “आई, माझा कुठला दात पडला, ओळख.” तिकडून आलं, “हं. आणि मग?” आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. शिवाय मागे कुणीतरी श्वास घेत होतं. जिना चढून आल्यासारखा, नाकातून. तो श्वास मला ओळखीचा होता, बाबा. मी रोज तुमच्या शेजारी झोपत होते.

तरी मी बोलत राहिले. गुरुवारी तुम्ही घरी यायचात तेव्हा दोन घास जास्त जेवायचात. बाकी दिवस आत्या ताट तसंच उचलायची. मी तुमच्यासाठी बोलत होते. तुम्ही चार सेकंद ठेवलेत तर मी चार सेकंदात बसवायचे. ती अकरा सेकंदांची चूक माझी होती. त्या दिवशी मला खरंच काहीतरी सांगायचं होतं.

म्हणजे तुम्ही माझ्यासाठी करत होतात आणि मी तुमच्यासाठी. हे मी तेहेतीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

सतराव्या वर्षी मला पेटी सापडली तेव्हा मी भांडायला आले नव्हते. तुम्ही ‘हो’ म्हणाला असतात तर मी तुमच्या शेजारी बसले असते. तुम्ही म्हणालात, मालिकेचं काम. तेव्हा मी ठरवलं, की या माणसाशी मी यापुढे डोळ्यांना दिसेल असं काही असेल तरच बोलेन. कानांवर माझा भरवसा उरला नव्हता.

शनिवारचा फोन मी बनवून सांगितला नव्हता. घंटा वाजली, मी उचलला. तीच बोलली. मी विचारलं, “किती वेळ बोलू?” ती म्हणाली, “तुला हवं तेवढं.” त्या फोनमागे कुणाचा श्वास नव्हता. तुमचा नव्हता आणि तिचाही नव्हता. मग तिने ते पानाचं सांगितलं आणि फोन बंद झाला. यावर तुम्ही विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. मी स्वतः कधी ठेवते, कधी नाही.

पण एक विचारायचं आहे. ते वाक्य ऐकून तुम्ही रागावला नव्हतात, घाबरला होतात. माझा दंड धरलात तेव्हा तुमचा हात गार होता. आई तर हे घरीही म्हणायची. मग घाबरलात कशाला?

‘आता काही लपवलेलं नाही’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचं अक्षर त्या ओळीत बारीक झालंय.

सही करणार नाही.


६ मार्च

भिंगरी,

तू विचारलंस ते मी आत्यालाही सांगितलेलं नाही. चार दिवस कोरा कागद समोर ठेवून बसत होतो.

यानाच्या बोलण्यात ‘जेवलीस का’ कुठून येणार? सव्वीस भागांत ती फक्त ‘प्रवेशद्वार बंद होत आहे’ आणि ‘कृपया आसनावर बसावे’ असलं बोलते. त्यातून आई तयार होत नाही. मी प्रयत्न केला होता. ‘जे’ एका भागातून, ‘व’ दुसऱ्यातून. ऐकवत नव्हतं.

दवाखान्यात जाण्याआधी तिचं शेवटचं काम झालं त्या दिवशी तिने मला कँटीनमध्ये पिटाळलं. मी परत येईपर्यंत ती काचेपलीकडे एकटीच बसून माइकशी बोलत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रीळ होतं. म्हणाली, “हे भिंगरीचं आहे. अठरा वर्षांची झाली की द्या. तुम्ही ऐकू नका.”

चार मिनिटं आणि दहा सेकंद. तुझ्या आईने तुला सांगितलेलं सगळं.

मी ते ऐकलं. ती गेल्यावर नवव्या दिवशी. आणि मग पातं घेतलं आणि कापलं. ‘जेवलीस का’ त्यातलंच होतं. ‘शहाणी माझी’ त्यातलंच. तिने कुठल्यातरी लांबलचक वाक्यात ‘हं, आणि मग’ म्हटलं होतं, तेही मी मधूनच उचललं. तुला नऊ खोटे फोन करायला मी तो एक खरा निरोप तोडला. तुला अठरावं लागलं तेव्हा द्यायला माझ्याकडे एकशे चाळीस तुकडे होते. तू पेटी पुढे ठेवलीस तेव्हा ‘हो’ म्हणालो असतो, तर तुझा पुढचा प्रश्न असता, ‘हे शब्द आणले कुठून?’

ते शेवटच्या पानाचं वाक्य त्या रिळात होतं. मला त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून तो तुकडा कापून मी जमिनीवर टाकला होता. त्याच शनिवारी दुपारी. शेवटचा गुरुवारचा फोन करून झाला होता आणि मी टेबल आवरत होतो. झाडूवाली तो माझ्यासमोर झाडून घेऊन गेली. घरी येतो तो ते वाक्य तुझ्या तोंडात. आता कळलं ना, हात गार का होता ते. घरीही म्हणायची, असं मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल.

गेले तीन आठवडे मी मालिकेचं काम बाजूला ठेवलंय. संग्रहाच्या बाईंनी खोली दिली आहे आणि कुणाला विचारू देत नाहीत. मी तुकडे परत जोडतोय. पण क्रम? तेहेतीस वर्षांनी तो कुणाच्या लक्षात राहणार?

क्रम फितीनेच सांगितला. रीळ गुंडाळून पडून राहिलं की एका पदरावरचा आवाज शेजारच्या पदरावर बारीक उमटतो. त्यामुळे शब्द येण्याच्या सेकंदभर आधी तोच शब्द पुसट ऐकू येतो. आम्ही त्याला सावली म्हणायचो आणि शिव्या द्यायचो. कापण्याआधी तो निरोप महिनाभर गुंडाळलेला होता. म्हणजे प्रत्येक तुकड्यावर त्याच्या शेजाऱ्याची सावली आहे. मी कान लावून बसतो. ‘जेवलीस का’च्या खाली अगदी तळाशी ‘पाऊस’ असं काहीतरी आहे, म्हणून पावसाचा तुकडा शोधतो, आणि तो नेमका तिथे बसतो. काही ठिकाणी गुरुवारच्या फोनांच्याही सावल्या पडल्या आहेत. ती एक सांगत असते आणि खालून तीच दुसरं काहीतरी पुटपुटत असते. पहिल्या दिवशी मी हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

शेवटच्या पानाचा तुकडा तर गेलाच. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे आहेत, आणि त्या दोघांवर मिळून ते वाक्य उमटलेलं आहे. शब्द न शब्द. फक्त सावली. मूळ नाहीच.

मंगळवारी नव्या यंत्राचा माणूस आला होता. सज्जन आहे, माझ्याशी फार अदबीने बोलतो. त्याने तिचा आवाज यंत्रात घातला होता. म्हणाला, “काका, ऐका.” आणि ती म्हणाली, “नमस्कार. मी परत आले आहे.”

तिचाच आवाज. ‘र’ किंचित ओढायची सवयसुद्धा. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. तो माणूस खूश झाला, त्याला वाटलं मला आवडलं. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, भिंगरी. मी श्वास शोधत होतो. तो आवाज कुठेच श्वास घेत नव्हता.

तो म्हणाला, निरोपात जे शब्द गहाळ आहेत तेही भरून देता येतील, कुणाला फरक कळणार नाही. मी त्याला हात जोडले आणि संमतीचा कागद फाडून त्याच्यापुढे ठेवला. त्यांना नवं यान काढायचं असेल तर नवा आवाज शोधतील. जगात बायका बोलतात.

तीन मिनिटं बत्तीस सेकंद भरली आहेत. अडतीस सेकंद नाहीत. त्या जागी तेवढ्याच लांबीची कोरी पांढरी फीत लावली आहे. तिथे काही ऐकू येणार नाही. तिथे मी काही केलेलं नाही.

काय म्हणते ते लिहून पाठवत नाही. ते तुझं आहे, आणि मी ते एकदा ऐकायला नको होतं, आता तर शंभरदा ऐकून बसलोय. रीळ आणि मशीन दोन्ही पाठवतो. मशीन जड आहे, दोघांनी उचला. डावीकडचं बटण दाबलं की चालू. हवं तर ऐकू नकोस. हवं तर सगळं जाळ. अठराव्या वर्षी द्यायचं ते तुला एकेचाळिसाव्या वर्षी देतोय, आणि तेही ठिगळं लावलेलं. माफी मागण्याइतकं तोंड मला नाही.

बाबा


२ एप्रिल

बाबा,

मशीन आलं. दोघांनी नाही, तिघांनी उचललं.

दोन आठवडे ते बाहेरच्या खोलीत चादर टाकून ठेवलं होतं. माझा नवरा आल्यागेल्याला शिवणयंत्र आहे म्हणून सांगायचा. शेवटी काल दुपारी मी दार लावून घेतलं आणि डावीकडचं बटण दाबलं.

काय ऐकलं ते लिहिणार नाही. तुम्हाला पाठच आहे. ठिगळं कळतात. पांढऱ्या फितीच्या जागी यंत्राची घरघर तेवढी ऐकू येते, आणि ते बरंच वाटलं. पानाचं वाक्य मला पहिल्यांदा सापडलंच नाही. तीनदा मागे घेतलं. मग दिवे घालवून कान अगदी कर्ण्याला लावला, तेव्हा आलं. त्या शनिवारी फोनवर ते इतकं बारीक नव्हतं. चांगलं मोठ्याने होतं. एवढंच सांगते.

चौथ्यांदा लावलं तेव्हा दार उघडून लेक आत आली. कधीची बाहेर उभी होती कोण जाणे. म्हणाली, “ही कोण बोलतेय?”

मी म्हटलं, “माझी आई. तुझी आजी.”

“कुठे आहे ती?”

तुमची आठवण झाली, बाबा. खोटं बोलणार नाही, ‘लांब आहे’ हे शब्द माझ्याही तोंडात आले होते. कसे आले हे आता मला कळतं. मग मी म्हटलं, “ती मेली. मी आठ वर्षांची असताना. हे तिने आधी बोलून ठेवलं होतं.”

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, पुन्हा लाव. आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या पांढऱ्या जागेत तिने मान तिरकी केली. तिसऱ्या जागेत तोंडावर बोट ठेवून मला गप्प बसवलं, मी बोलत नव्हते तरी. फीत सुटून गरगरायला लागली, तेव्हा तिने विचारलं, “ती मधे मधे थांबते, तेव्हा ती कुणाचं ऐकते?”

मी सांगितलं, तिथली फीत हरवली आहे, आजोबांनी कोरी लावली आहे. ती म्हणाली, “नाही. ती ऐकतेय.”

तिला मी म्हटलंय, की हे ज्यांनी जोडलं त्यांनाच विचार. ती रोज विचारते आहे की ते कधी येणार.

रविवारी या. सकाळच्या गाडीने आलात तर जेवायला पोचाल. स्टेशनवर घ्यायला मी येणार नाही. पत्ता पाकिटावर आहे.

भिंगरी